ठरवून आणलेली संकटं

बुडालेल्या मालवाहू जहाजाचं सुकाणू गाठायचं, त्याला हात लावायचा आणि तिघांना जिवंत वर आणायचं, यासाठी आमची मोहीम निघाली होती. तिघांपैकी एकालाही सुकाणूची हौस नव्हती. परीक्षा माझी होती.

स्कूबा डाइव्हिंगच्या परीक्षांत ओपन वॉटर म्हणजे स्वतःपुरती बुडी मारता येणं. अॅडव्हान्स्ड म्हणजे आणखी खोल. रेस्क्यू म्हणजे दुसऱ्याला वाचवणं. आणि डाइव्हमास्टर? तिथून पुढे दुसऱ्यांचा जीव आपल्या गळ्यात आणि पगार आपल्या खिशात. या पायरीवर मी दोनदा घसरलो होतो. आता घसरलो, तर नोकरी आमच्या डाइव्हिंग सेंटरचे मालक असलेल्या सरांच्या भाच्याला जाणार होती. भाच्याला पाण्याची भीती वाटते, पण तो सरांचा भाचा आहे.

या परीक्षेत बरोबरचे लोक गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन पाण्याखाली मुद्दाम घोळ घालतात. कोणी काय करायचं, ते सर आधी कानात सांगतात. पहिल्या वेळी मला घोळ ओळखता आला नाही. दुसऱ्या वेळी डोकं खाजवणाऱ्या माणसाला मी वाचवून वर आणलं.

या वेळचा नवशिका होता लंबू, जो स्वतः इन्स्ट्रक्टर आहे. दुसरी माझी सख्खी मावशी, दातांची डॉक्टर, नुकतीच ओपन वॉटर झालेली. तिसरे सर.

"मावशी, तुला काय करायला सांगितलंय?" बोटीवर मी हळूच विचारलं.

"मला? काही नाही रे बाबा." अजिबात दुखणार नाही, असं पेशंटला सांगतानाचाच आवाज!

मी दोघांचे सिलिंडर तपासले. सरांकडे वळलो, तर ते खेकसले, "परीक्षा तू माझी घेतोयस की मी तुझी?"

मी उडी मारली!

खाली जाताच लंबूनं मास्क काढला. ठरलेलं! मी तो परत चढवला. मग तो फुग्यासारखा वर निघाला. ठरलेलं! पाय धरून खाली ओढला. मावशी मात्र शांतपणे पोहत होती. आमच्या घरात शांतपणे काहीच होत नाही. मी तिच्यावर नजर ठेवली.

हिरवट अंधारातून जहाज हळूहळू वर उगवल्यासारखं दिसू लागलं; शेवाळलेला कठडा, खिडक्यांतून ये-जा करणारे मासे आणि तिरक्या डेकवर ते सुकाणू, जणू कोणीतरी आत्ताच सोडून गेलेलं. दोन हात मारले की नोकरी माझी!

तेवढ्यात सरांनी गळ्यावरून हात फिरवला. हवा संपली!

वा, काय अभिनय! मी त्यांचं गेज पाहिलं. सिलिंडर अर्ध्याहून जास्त भरलेला. सोंगच! पण सरांनी श्वास ओढला आणि काटा धाडकन खाली पडला. श्वास थांबला, काटा पुन्हा वर.

माणूस सोंग घेतो. काटा घेत नाही!

व्हॉल्व्ह जेमतेम उघडा होता. बोटीवर पुरली तेवढी हवा खोलात पुरेना. माझा जादा माउथपीस त्यांच्या तोंडात कोंबला. मागे हात घातला. व्हॉल्व्ह फिरवला. काटा स्थिरावला!

हवा मिळताच सरांनी सुकाणूकडे बोट दाखवलं: चल! हा सापळा की हट्ट? मी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ झकास नव्हे; वर चला.

हळूहळू, थांबत थांबत आम्ही वर आलो.

"सरांच्या व्हॉल्व्हला कोणी हात लावला?" मी बोटीवर विचारलं.

"मी," मावशी म्हणाली. "पूर्ण उघडून किंचित मागे फिरवतात ना? मदत केली."

तिनं पूर्ण बंद करून किंचित उघडला होता.

"सुकाणूला हात लावला नाहीस," सर धापा टाकत म्हणाले. "माझा सिलिंडरही तपासला नाहीस."

"तपासू दिला नाहीत, सर."

"कोणी नको म्हटलं की डाइव्हमास्टर ऐकतो?"

"अहो सर," मावशी म्हणाली, "ओठ निळे पडलेत तुमचे. आधी श्वास घ्या, मग नापास करा."

सरांनी श्वास घेतला. बराच वेळ घेतला.

"पास," ते म्हणाले. "माझ्या भाच्यानं आधी सुकाणूला हात लावला असता. बोला डाइव्हमास्टर, पुढचा हुकूम?"

"सर, ओला सूट काढा. मावशी, तू कशालाही हात लावू नकोस."

दोघांनीही मुकाट्यानं ऐकलं. सरांचं ठीक आहे. पण मावशीनं ऐकलं, तेव्हा मला पुन्हा संशय आला.