उगवेकरांचं एकशे बारावं पान

उषाने पिशवीतून नवऱ्याच्या चपला काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"त्यास्नी अनवाणीच न्हेलं बाई," ती म्हणाली. "मंगळवारपास्नं आत हाईत. चपला द्यायला गेले तर हवालदार म्हनला, फाशीला चपला लागत न्हाईत."

डिचोलीच्या बाजारात पाववाल्या पोदेराच्या दुकानावर विनोदिनी च्यारीची एक खोली होती. विम्याच्या खोट्या दाव्यांची चौकशी करता करता ती खाजगी तपासाकडे वळली होती. तिची गाडी शांताराम चालवी. सरकारी बसवर तीस वर्षं काढलेला हा गृहस्थ गाडी सावकाश हाके आणि विचारही त्याच वेगाने करी. या घटकेला तो चहात उंडो पाव बुडवत होता. उषाचं बोलणं ऐकून त्याने उंडो खाली ठेवला.

हकिगत साधी होती. उषाचा नवरा भैरू बेळगावकडचा गवंडी. सर्वणला कृष्णनाथ उगवेकर मास्तरांच्या कुंपणाची भिंत बांधत होता. मंगळवारी सकाळी नऊला कामावर गेला, तर मास्तर सोप्यावर टेबलावर डोकं टेकून बसलेले. उठवायला गेला आणि रक्ताने माखला. शेजारी हातोडी पडली होती. त्याचीच, रोज भिंतीपाशीच ठेवून जायचा. तो ओरडला, लोक जमले आणि लोकांनी त्यालाच धरलं. डॉक्टरांच्या मते मास्तर पहाटे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान गेले.

"त्या वेळी भैरू कुठे होता?"

"शेडात, माझ्या शेजारी निजलेले. पर बायकोचं कोन ऐकतंय?"

विनोदिनीने चपला खणात ठेवल्या. "या माझ्याकडे राहू देत. मीच त्याच्या हातात देईन."

आज शुक्रवार होता. सोमवारी भैरूला कोर्टात उभा करून पोलीस प्रकरणाला गाठ मारणार होते. परप्रांतीय गवंडी, स्वतःची हातोडी, रक्ताचा शर्ट. एवढं आयतं मिळाल्यावर डोकं कोण चालवतो?

सर्वणला मास्तरांच्या बंद घराची किल्ली पुतण्याकडे होती. गौरेश उगवेकर, वीज खात्यातला कारकून, शेजारीच राहणारा. त्याने दार उघडलं.

टेबलावर कागदांचे गठ्ठे होते. वरच्या कागदावर मास्तरांचं वळणदार अक्षर: 'उगवेकर : माणसं आणि जागा.'

"अकरा वर्सां ह्येच करी होते," गौरेश म्हणाला. "मूळ आम्ही पेडण्यातल्या उगव्याचे. थंयसून लोक सगळीकडे पसरले. आफ्रिकेत गेलेलो डॉक्टर, सत्याग्रहात मार खाल्लेलो आजोबा, भजनी बुवा. मग जागा. हरमलची उगवेकर तळी, पेडण्याचो उगवेकर बसस्टॉप, हायस्कुलाचो हॉल. जो उगवेकर पुस्तकात, तो आमच्या कुळातलो. तोच देवळाचो महाजन, तोच पालखीक खांदो देणार. बाकी नुसते नावाचे."

"आणि कोण कुळातलं हे मास्तर ठरवणार?"

"तेच. जुने कागद फक्त तेंचेकडेच."

मागच्या खोलीचं दार उघडताच शांतारामने नाकाला रुमाल लावला. केळ्यांचे काळे पडलेले फणे, फुटलेली पपई, शहाळी, काजूगराच्या पिशव्या. सगळं सडत होतं.

"लोक आणून देयत," गौरेश खाली बघत म्हणाला. "पुस्तकात नाव येवचां म्हणून."

"खात नव्हते?"

"मधुमेह होतो. गोरवांकय घालूंक देत नसत. कुसू दी म्हणत."

"तू काय आणलं होतंस?"

"शहाळी. माकाय सांगलेलां, तुझां नाव नाय म्हणून. सख्ख्या भावाचो झील मी. सहा म्हयने रोज शहाळां घेऊन दारात उभो रवलंय."

असला माणूस मेला तर रडायचं कुणी, असा प्रश्न शांतारामला पडला आणि त्याने तो मोठ्याने विचारलाही. विनोदिनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"मंगळवारी सकाळी तू काय करत होतास?" तिने गौरेशला विचारलं.

"सातांक न्हालंय, पूजा केलंय, ऑफिसाक भायर सरलंय. वाटेर असतानाच फोन इलो. परत येवन आंघोळ केलंय. तेव्हापासून सुतक. बारा दिवस देवाक हात लावचो नाय, देवळाची पायरी चढची नाय. सगळ्या कुळाक."

निघताना विनोदिनी त्याच्या देवघराशी थांबली. सुतकामुळे मंगळवारनंतर कुणी देवाला शिवलं नव्हतं. गणपतीवर वाळून काळपट झालेली जास्वंद आणि सुकलेल्या दूर्वा तशाच होत्या.

दुसरं घर सगुण उगवेकरांचं. वय साठीकडे झुकलेलं, दाढी वाढलेली, कपाळ मोकळं. देवभोळा माणूस म्हणून गावात नाव होतं.

"मास्तर तुमच्याबद्दल काय म्हणत होते?" विनोदिनीने विचारलं.

"तुझो आजो उगवेकरांच्या घरात कामाक रवलेलो पोरको म्हणत. तेका मालकांचां नाव लागलां. तुझ्या तीन पिढ्यांनी फुकटचो खांदो दिलो पालखीक. चारचौघांत म्हणत, बाय. माझ्या झिलाच्या सोयरिकीक पाव्हणे इल्ले, तेंच्यासमोर म्हटलांनी. सोयरीक मोडली."

"म्हणून राग होता."

"राग कोणाक नव्हतो?"

"मंगळवारी पहाटे कुठे होतात?"

"घराकच. पाठ धरलेली."

पाणी घेऊन आलेली त्यांची बायको चंद्रावती मध्येच म्हणाली, "इतकी धरलेली, की पूजासुद्धा केल्यानी नाय त्या दिवशी. चाळीस वर्सांत चुकली नव्हती. वर आणि बावडीवर जावन थंड पाण्यान न्हाले. मी म्हटलां, पाठ धरली तर ऊन पाणी घ्या. ऐकतत खंय."

"तू आत जा," सगुण म्हणाला.

त्यांच्या देवघरातही सगळं तसंच होतं. शंकराच्या पिंडीवर वाळलेला बेल आणि पांढरी फुलं.

गाडीत बसल्यावर शांताराम म्हणाला, "देवाचीय कशी दशा बघ बाय. आमच्या घरात दिसादिसाक फुलां बदलतात. सोमारा बेल, मंगळारा जास्वंद. हांगा वाळून चाललां."

"चांगलं बघता तुम्ही शांतारामबाब," ती म्हणाली. "फक्त बघितल्यावर थांबता."

शांतारामला ती स्तुती वाटली.

देवळाचे भट पायरीवर वाती वळत बसले होते. त्या आठवड्यात देवाच्या सेवेची पाळी सगुणची होती, असं त्यांनी सांगितलं. फुलं आणायची, गाभाऱ्यात दिवा लावायचा, कोठीची किल्ली सांभाळायची.

"मंगळवारी आला होता?"

"साडेसहाला आला. पण वर चढला नाही. रिकाम्या हाताने खाली उभा. म्हणाला, भटजी, पाठ धरली आहे, आजपासून सेवा तुम्हीच करा, फुलंही तुम्हीच काढा. किल्ली घ्यायला मी हात पुढे केला, तर त्याने वाकून ती पायरीवर ठेवली. म्हटलं, बाबा, पाठ धरली आहे ना, मग वाकतोस कशाला? तसाच गेला."

तिथून दोघं हरमलला गेले. किनाऱ्याजवळ सुदेश उगवेकरच्या खोल्या आणि भाड्याच्या स्कूटरी होत्या. मास्तरांनी त्याला फोनवर दहा वेळा सुनावलं होतं, तू नुसता गावाच्या नावाचा उगवेकर, तुझा आमच्याशी संबंध नाही. महिन्यापूर्वी याने सर्वणला येऊन 'मास्तराचो नरडो दाबतलंय' असं रस्त्यात ओरडून सांगितलं होतं.

"सांगलंय तर!" सुदेश म्हणाला. "पण मारूंक नाय. मंगळारा पहाटेक पाव्हण्यांक मोपाच्या विमानतळार सोडूंक गेल्लंय. थंय कॅमेरे आसत, बघा."

गल्ल्यावरच्या गणपतीच्या तसबिरीला ताजा हार होता. उदबत्ती जळत होती.

"तुम्हाला सुतक नाही?"

"माका कित्याक? तेणीच सांगलां, तू आमचो न्हय म्हणून. जितो असताना न्हय, मग मेल्यार तेंचो कसो होतलंय?"

परतताना विनोदिनी मास्तरांचं पुस्तक छापणाऱ्या छापखान्यात उतरली आणि कागदांची गुंडाळी घेऊन आली. वाटेत तिने ती चाळली. एका पानावर थांबली, ते दोनदा वाचलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

शनिवारी दुपारी मास्तरांच्या सोप्यावर गौरेश, सगुण आणि सुदेश बसले होते. इन्स्पेक्टर कंटाळलेल्या तोंडाने खांबाला टेकून उभे होते. उषा पायरीवर बसली होती. तिला कुणी वर बोलावलं नव्हतं. विनोदिनीने तिला हात धरून वर आणून खुर्चीवर बसवलं.

"मास्तरांवर राग नसलेला उगवेकर मला भेटला नाही," विनोदिनी म्हणाली. "हातोडी भिंतीपाशी असते हेही गावाला ठाऊक होतं. म्हणून मी राग शोधला नाही. मंगळवारी सकाळी नऊच्या आधी, मास्तर मेले हे कुणाला ठाऊक होतं, एवढंच शोधलं."

"मारणाऱ्याला," शांताराम म्हणाला.

"बरोबर. गौरेशला नव्हतं. सातला त्याने मंगळवारची पूजा केली. गणपतीवर जास्वंद आहे. नऊनंतर बातमी आली, सुतक सुरू झालं, ती फुलं तिथेच वाळली. सुदेश विमानतळावर होता, मी तिथे विचारलं. आणि त्याने सुतक पाळलंच नाही."

ती सगुणकडे वळली.

"तुमच्या देवावर सोमवारचा बेल आहे, सगुणबाब. मंगळवारची फुलं देवाला चढलीच नाहीत. चाळीस वर्षांत न चुकलेली पूजा, मेल्याची बातमी येण्याआधीच चुकली."

"पाठ धरलेली," सगुण म्हणाला.

"पाठ धरलेला माणूस विहिरीतून बादल्या ओढून न्हात नाही. कुळातलं कुणी गेलं की मात्र न्हातो. साडेसहाला तुम्ही देवळाशी गेलात, पाळी तुमची होती. पण पायरी चढला नाहीत, फुलं आणली नाहीत. किल्ली भटांच्या हातात द्यायची तर त्यांना शिवावं लागेल, म्हणून वाकून पायरीवर ठेवलीत. 'आजपासून' म्हणालात, 'आज' नव्हे. सुतकी माणूस देवापाशी जसा वागतो, तसेच वागलात. मास्तर मेल्याचं गावाला कळायला तेव्हा अडीच तास होते."

इन्स्पेक्टर खांबापासून सरळ झाले.

सगुणने नाकारलं नाही. तो मांडीवरच्या हातांकडे बघत होता.

"केळी घेऊन इल्लंय," तो म्हणाला. "म्हटलां, मास्तर, एक ओळ घाला. झिलाचां लगीन अडलां. हसले. म्हणाले, बाहेरून भुंकून दाखव, मग बघतंय. मी…" तो थांबला. "मी भुंकलंय, बाय. ते अजून हसले. मागे भिंतीपाशी हातोडी होती."

सुदेशने तोंड फिरवलं.

"मग देवळात जावंक धजलंय नाय," सगुण म्हणाला. "मनशाक फसवचां जमता. देवाक कसां फसवतलंय? तो मेलो, आणि तो माझो होतो. तेणी कितीय नाय म्हटलां तरी. सुतक येताच."

"गवंडी आत गेला ते चाललं देवाला?" शांतारामने विचारलं. इतक्या कडक आवाजात तो आयुष्यात बोलला नव्हता.

विनोदिनीने गुंडाळी सोडली. "हे मास्तरांनी सोमवारी संध्याकाळी छापखान्यात पाठवलेले शेवटचे कागद. स्वतः तपासून, सही करून. गौरेश, तू पान चाळीसवर आहेस. सुदेश, तुझी तळी आणि तुझं घराणं पान सत्तरवर."

"मग माका दहा वेळा नाय कित्याक म्हटलांनी?" सुदेश म्हणाला.

"तुम्ही दारात यावं म्हणून. केळी घेऊन उभं राहावं म्हणून. त्यांना तेवढंच हवं होतं."

तिने एक पान काढून सगुणच्या मांडीवर ठेवलं. वर आकडा होता एकशे बारा. सगुणच्या आजोबांचं नाव, 'कुळातील चौथी शाखा', त्यांनी जत्रेत पन्नास वर्षं वाहिलेली पालखी, खाली सगुण आणि त्याचा मुलगा. आजोबांचं जन्मसाल चुकलं होतं. मास्तरांनी ते लाल शाईने, काळजीपूर्वक सुधारलं होतं.

सगुणने ओळीखाली बोट धरून ते वाचलं. शेवटापर्यंत आला आणि पुन्हा वरून सुरू केलं. इन्स्पेक्टरनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याचं तिसऱ्यांदा वाचणं चाललं होतं.

"सायबा," उठताना तो म्हणाला, "थंय माका मासळीचां जेवण दिवं नका. अजून आठ दिवस सुतक आसा."

संध्याकाळी भैरूला सोडलं. तो भिंतीला धरून बाहेर आला. विनोदिनीने चपला त्याच्या पुढ्यात ठेवल्या. त्याने पाय घालून बघितला. तळवे इतके सुजले होते, की चपलेत पाय जाईना. उषाने त्या उचलून पुन्हा पिशवीत टाकल्या.

सुटकेची नोंद करायला हवालदाराने वही उघडली. मंगळवारच्या पानावर फक्त 'भैरू, बेळगाव' एवढंच लिहिलेलं होतं.

"आडनाव काय रे याचं?" त्याने विचारलं.

"कडोलकर," उषा म्हणाली. "पाच दिसांत कुनी इचारलंच न्हाई."