खिशातलं कुलूप

मी आत पाऊल टाकलं आणि लिफ्ट कोकलायलाच लागली. आतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं! तेवढ्यात कोपऱ्यातला एक उंच माणूस बाहेर आला.

"तुम्ही जा. मला जिना आवडतो."

वर, आत्याने बळेबळे ठरवून दिलेल्या आहारतज्ज्ञाच्या खोलीत मी बसले, तर तोच धापा टाकत आत, आणि थेट टेबलामागच्या खुर्चीत!

"जिना आवडतो ना तुम्हाला?" मी विचारलं.

"हो… पण त्याला मी आवडत नाही."

मी हसले, आणि तिथेच फसले.

तोवर माझी एकच पद्धत — चार दिवस उपाशी राहायचं, मग खाऊच्या डब्यांवर तुटून पडायचं.

"उपाशी ठेवलं की शरीर कंजूष होतं," तो म्हणाला. "जपून खर्च करतं. पोटभर जेवा — डाळी, भाज्या, अंडी. आणि हात डब्याकडे गेला की आधी स्वतःला विचारा, भूक लागलीय की नुसता जीव बेचैन आहे?"

वजन हळूहळू उतरलं. बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात शिडीवर चढून खोकी काढताना धाप लागेना. डबे आठवेनासे झाले. आठवायचा तो.

"आता थोडंच राहिलं," एके दिवशी तो खुशीत म्हणाला. "मग तुमची सुट्टी!"

सुट्टी? मग भेटायचं कसं? जिवाला चैन पडेना. गिऱ्हाइकाने खिळे मागितले, मी बिजागऱ्या दिल्या. शेवटी दुकानातलं सगळ्यात दणकट कुलूप जॅकेटच्या खिशात टाकलं आणि त्याच्या वजनकाट्यावर उभी राहिले. पुढच्या वेळी दोन.

तो बिचारा हैराण. त्याने माझं जेवण बदलून पाहिलं, काटासुद्धा नवा आणला.

"मीच कमी पडतोय," एक दिवस तो पडेल आवाजात म्हणाला. "यापुढे तुम्ही आमच्या मॅडमकडे जा. त्या अनुभवी आहेत."

"मला मॅडम नकोत!"

"पण वजन—"

मी दोन्ही कुलपं काढून टेबलावर आदळली.

"हे काय?"

"वजन!" मला रडू की हसू कळेना. "ते उतरलं की तुम्ही मला सुट्टी देणार. मला नकोय सुट्टी. मला… तुम्ही आवडता. झालं समाधान?"

त्याने नुसतं काट्याकडे बोट दाखवलं. मी उभी राहिले. वजन केव्हाच उतरलं होतं.

"म्हणजे तुम्ही आता माझ्या पेशंट नाही."

"नाही." मी कुलपं गोळा करायला लागले.

"बरं झालं. पेशंटला जेवायला चल म्हणता येत नाही… उद्या येशील?"

तुम्हीवरून थेट तू! मी हो म्हटलं, पण एक गोष्ट मला गप्प बसू देईना.

"काय हो, एवढाली कुलपं खिशात, आणि तुम्हाला एकदाही दिसली नाहीत?"

"मी खिशाकडे बघतच नव्हतो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.