एकसष्ट टक्के

त्यांची पहिली भेट सहावीच्या वर्गात झाली, शेवटच्या बाकावर. ती अठ्ठावीस वर्षांची, तो तिशीचा आणि बाक अकरा वर्षांच्या मापाचा; त्यामुळे दोघांचेही गुडघे हनुवटीला टेकलेले. ती शिक्षक-प्रशिक्षणावर पीएचडी करत होती, तो अभ्यासक्रमावर. समोर शिकाऊ शिक्षक पाठ घ्यायचे आणि हे दोघं दर पाच सेकंदांनी आपापल्या तक्त्यावर खूण करायचे: शिक्षक बोलताहेत, मुलं बोलताहेत की शांतता आहे? मग दोन्ही तक्ते ताडून बघायचे. ऐंशी टक्के जुळले की जोडी पक्की.

यांचं जुळलं एकसष्ट.

सहा महिन्यांत तिला त्याचं सगळं आवडायला लागलं... अगदी त्याची शिंकसुद्धा. आकडा मात्र ढिम्म. आणि अशात एक नवी निरीक्षक आली. पहिल्याच पाठाला तिचं त्याच्याशी शहाण्णव टक्के जुळलं. त्या दिवसापासून नव्या मुलीचं नाव पडलं शहाण्णव.

"आई, शहाण्णव म्हणजे काय चेष्टा आहे?" ती फोनवर करवादली.

"तू कधी आणलेस का?" आईने विचारलं.

सोमवारी विभागप्रमुख मॅडम दोन वर्षांच्या शाळा-पाहणीच्या जोड्या ठरवणार होत्या. दोन वर्षं एकच बाक! शनिवारी तिने जुने तक्ते उचलले आणि विभागात त्याला गाठलं.

"काय रे, तुझी शहाण्णव कुठाय?"

"माझी?"

"मग काय, विद्यापीठाची? हे बघ. पोरं बोंबलताहेत, तू लिहिलंयस 'शांतता'. बाई ओरडल्या, तिथेही 'शांतता'. चौदाव्या मिनिटाला फळा पडला होता. फळा! तरी 'शांतता'. बहिरा आहेस का?"

"मला... खरंच काही ऐकू आलं नाही."

"का?"

"खूण करताना तू जिभेचं टोक बाहेर काढतेस. दर पाच सेकंदांनी."

तिने जीभ आत घेतली. कान मात्र तापले.

"आणि तिच्या शेजारी बसून बरं सगळं ऐकू येतं?"

"येतं ना. तिथे पाठ सोडून बघण्यासारखं आहेच काय?"

"सहा महिने बोलला का नाहीस मग?"

"तुझ्याकडून... पुरावा मिळत नव्हता."

तिने त्याच्या कानामागची पेन्सिल काढून स्वतःच्या केसांत खोवली. पुरावा दाखल झाला.

सोमवारी तिने स्वतःच मॅडमना सांगितलं, "आमचे तक्ते रद्द करा. हा पाठ बघत नाही."

"मग काय बघतो?"

"...दुसरीकडे."

मॅडमनी चष्म्यावरून दोघांना न्याहाळलं आणि त्याला शहाण्णवच्या शेजारी बसवलं. हिच्या वाट्याला आले एक निवृत्त मुख्याध्यापक; पहिल्या पाठाला मुलांच्या आधी तेच झोपले.

आता रोज संध्याकाळी ती त्या दोघांचा आकडा तपासते. शहाण्णव दिसला की तिला घास गोड लागतो. याचा अर्थ तो पाठच बघतोय. परवा मात्र चौऱ्याण्णव आला.

"दोन टक्के कमी! कुठे बघत होतास?"

"घड्याळाकडे," तो म्हणाला. "सुटायला किती वेळ आहे ते."