ताकीने बुजवलेला ब्रीदर

मुलांनो, जरा डोळे मिटा.

कल्पना करा, तुमचे ओठ फुटलेत. जीभ फिरवली की रक्ताची चव येते. हवेत पाण्याचा अंशही नाही. सगळीकडे पिवळट धूळ. जानेवारीत आमच्याकडे हरमॅटनचा कोरडा वारा सुटतो, तो असा.

आता कल्पना करा, अशा हवेत एका बंद काचेला...

आतून घाम आलाय.

ही गोष्ट खरी आहे. कुणाकडून ऐकलेली नाही, मी त्या गाडीत बसलो होतो. कुमासी शहर, सुआमेची गॅरेजांची वस्ती. गुरुवारची दुपार.

माझा जावई द्वोमो प्रवासी व्हॅन चालवतो. तिचा एक हेडलाइट फुटला, म्हणून त्याने मेकॅनिक ताकीकडून जुना बसवून घेतला होता.

हा ताकी स्वतःला मास्टर म्हणवतो. गॅरेजच्या अंधारातही काळा चष्मा उतरवत नाही. बॉनेट न उघडता रोग सांगतो, आणि गाडी पुन्हा बिघडली की ड्रायव्हरलाच शिव्या घालतो. असली माणसं मी शाळेत शिकवताना खूप पाहिली. पण ती बाकावर बसायची, गल्ल्यावर नाही.

हेडलाइट होता मांपोंगच्या चढावर उलटलेल्या एका व्हॅनचा. त्या व्हॅनचा मेट जागीच गेला. मेट म्हणजे दार उघडणारा, गावांची नावं ओरडणारा कंडक्टर. कोवळं पोर होतं.

आमच्या सुआमेत रीत आहे. ज्या गाडीत माणूस गेला, तिचा भाग काढण्याआधी जमिनीवर थोडं पाणी ओतायचं आणि विचारायचं, "आम्ही नेतोय, चालेल ना?"

एवढंच.

ताकीला तेवढंही जमलं नाही. "मेलेल्याला उजेड कशाला लागतो?" म्हणाला, आणि पान्याने दिवा उपटून काढला.

दोन दिवसांत दिवा आतून धुरकटला.

त्या गुरुवारी एजुरा गावाहून निरोप आला. माझी मुलगी, द्वोमोची बायको, तिकडे सासरी होती, पोटुशी. दाईने सांगितलं, लक्षणं बरी नाहीत, आजच कुमासीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. धुळीतून अंधारात परतायचं होतं. आंधळ्या दिव्यावर कसं परतणार? द्वोमो तडक ताकीकडे गेला. मी आणि त्याची मुलगी, माझी नात अफ्रियी, बरोबर होतो.

"दिवा काढ, बल्ब काढ, उन्हात वाळव," मी ताकीला शांतपणे म्हणालो. "मग मागचा ब्रीदर साफ कर. त्या बारीक नळीतून दिवा श्वास घेतो. ती तुंबली की आत पाणी धरतं. सिलिकॉनचा डिंक फक्त काचेच्या कडेला लाव."

"गुरुजी, हा काय तुमच्या शाळेतला फळा आहे?" ताकी खिदळला. "भोक ठेवलं तर ओल आत जाणारच! मी सगळंच बुजवतो. कटकट संपली."

"बाहेर ओल आहे कुठे, शहाण्या?"

ताकीने सिलिकॉनची ट्यूब उचलली.

अफ्रियी दिव्याला नाक लावून उभी होती.

"नाना... बघा ना."

काचेवर वाफ आली.

...गेली.

पुन्हा आली.

...गेली.

"हा श्वास घेतोय," ती म्हणाली.

"पोरीला घरी ठेवत जा रे द्वोमो!" ताकीने ब्रीदरच्या तोंडात सिलिकॉन दाबलं. बोटाने चेपून बसवलं.

वाफ भराभर येऊ-जाऊ लागली. आणखी भराभर...

मग थांबली.

काच लख्ख.

"बघा!" ताकीने छाती फुगवली. "याला म्हणतात काम!"

माझी लेक तिकडे वाट पाहत होती. आम्ही निघालो.

एजुराच्या वाटेवरचा तोच मांपोंगचा चढ लागला तेव्हा दिवस मावळत होता. द्वोमोने दिवे लावले. दोन्ही झकास.

आणि समोरची मोठी काच... आतून धुरकटली.

द्वोमोने फडक्याने पुसली. पुन्हा धुरकटली. मग बाजूच्या काचा. मग मागची. वाफ यायची, जायची. यायची, जायची. आम्ही तिघांनीही श्वास रोखून पाहिला.

तरी येत होती.

पुढचं काहीच दिसेना. एका बाजूला दरी. द्वोमोने गाडी थांबवली, आणि एवढा थोराड गडी स्टीअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. "ती थांबलीय हो तिकडे... मी कसा पोचू?"

अफ्रियी खाली उतरली.

रस्त्याकडेच्या झुडपाचा एक लांब काटा तिने मोडला. बॉनेट उघडायला लावलं. हात घालून ब्रीदर चाचपला आणि काट्याने सिलिकॉन उकरून काढलं.

फुस्स... असा बारीक आवाज झाला.

मग तिने आपली पाण्याची पिशवी दाताने फाडली, सगळं पाणी रस्त्यावर ओतलं आणि म्हणाली, "आम्ही नेतोय. चालेल ना?"

तिने नळीला कान लावला. बराच वेळ.

"पप्पा," ती म्हणाली, "त्याला इथे नाही थांबायचं. पुढच्या वळणावर उतरेल म्हणतो."

काचा स्वच्छ झाल्या होत्या.

ताकी आजही सांगत फिरतो की त्या दिव्यात पुन्हा ओल धरली नाही, ती त्याच्या हाताची करामत. सांगू द्या. ऐकणारेही त्याच लायकीचे. माझी लेक आणि तिचं बाळ सुखरूप आहेत, त्यांची काळजी नको.

माझी झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. आम्ही पुन्हा निघालो तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. अफ्रियी दाराशी, मेटच्या जागी बसली होती. तिच्या पलीकडची जागा रिकामी होती. मी माझी पिशवी तिथे ठेवायला गेलो, तर तिने माझा हात धरला. "तिथे नको, नाना."

वळण आलं. रस्त्याच्या कडेला त्या उलटलेल्या व्हॅनच्या फुटक्या काचा अजून चमकत होत्या.

"थांबा, पप्पा."

तिने दार सरकवलं. बाहेर कुणीही नव्हतं.

आणि मग... कुणाला तरी उतरायला वाट द्यावी तसे, तिने आपले गुडघे हळूच बाजूला घेतले.