दगडाला कान नसतात

"दगडोबाऽऽ..."

ही हाक बलभीमनं ऐकली तेव्हा तो चार वर्षांचा होता. बहात्तरचा दुष्काळ. तेरच्या शिवारात पाझर तलावाचं काम चाललेलं. भर दुपार, खडी फोडणाऱ्या बायांची रांग, हातोड्यांची टकटक, आणि त्या टकटकीवरून तरंगत आलेला कुण्या बाईचा आवाज. पाठोपाठ कुणीतरी दिलेली कोवळी, लांबट "ओऽ". त्यापुढचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

कोण हा दगडोबा, असं त्यानं आईला एकदाच विचारलं होतं.

"आसंल कुणाचं तरी लेकरू," असं म्हणून धुरपदाबाई चुलीत फुंकर घालत बसली. चुलीत विस्तव नव्हता.

आता पंच्याऐंशी साल होतं. पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती आणि धुरपदाबाई पन्नाशीतही रोजगार हमीच्या खडीवर बसत होती. बलभीम रोज सकाळच्या एस.टी.नं उस्मानाबादला आयटीआयमध्ये जायचा. तेरची म्हातारी माणसं त्या गावाला धाराशिवच म्हणत. रेडिओ-टीव्हीच्या कोर्सचं हे शेवटचं वर्ष. ढोकीच्या साखर कारखान्यात ओळखीच्या एका साहेबानं सांगून ठेवलं होतं, "पास हो, मग बघू." आईच्या हातातला हातोडा सुटायचा, तर तो याच एका परीक्षेनं सुटणार होता.

प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकानं एक बंद पडलेला संच आणायचा आणि परीक्षकासमोर चालू करून दाखवायचा. बलभीमला तेरच्या सोसायटीनं गुदामातला रेडिओ दिला. लाकडी पेटीचा, सेलवर चालणारा. दुष्काळी कामाच्या मुकादमाच्या राहुटीत तो असायचा, असं चेअरमन म्हणाले. काम संपलं तसा मुका झाला, तो आजवर.

पेटी उघडली तेव्हा आत खडीची पांढरी भुकटी साचली होती. त्यानं ब्रशनं ती काढली, फडक्यानं पुसली. दुसऱ्या दिवशी उघडली, तर भुकटी तेवढीच होती. लाकडाची फट असेल, असं त्यानं वहीत लिहिलं आणि फटी मेणानं बुजवल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच.

"दोष शोधायचा तर सुरुवात कुठनं?" धोंडप्पा सरांनी मागून विचारलं. शिकवणारे ते एकटेच. धिप्पाड माणूस, पण सोल्डरिंगचा डाग मोहरीएवढा द्यायचे.

"पुरवठ्यापासून, सर."

"मग भुकटी काय पुसत बसलास? परीक्षक काय संक्रांतीचं वाण लुटायला येणार हाय व्हय?"

पोरं हसली. बलभीमही हसला.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्याला टकटक ऐकू आली. बारीक, लयीत, अनेक हातांची. त्यानं कान लावला. आवाज पेटीतून येत होता. सेल टेबलावर काढून ठेवलेले होते. स्पीकरची तार तोडलेली होती. दोन्ही गोष्टी त्यानं मल्टिमीटर लावून पुन्हा तपासल्या. काटा शून्यावर होता.

टकटक थांबली. मग आवाज आला.

"दगडोबाऽऽ..."

धोंडप्पा सर डबा हातात घेऊन दारातच थबकले.

"कोण हाक मारतंय मला?"

"तुम्हाला न्हाय, सर. दगडोबा म्हणालं कुणीतरी."

"धोंडा काय नि दगड काय, एकच की." ते हसले, पण आत आले नाहीत. "माझ्या आधीची तीन भावंडं गेली. मग आईनं माझं नाव धोंडप्पा ठेवलं. दगडाला कान नसतात. न्यायला हाक आली तरी ऐकू जात न्हाय." त्यांनी विचारलं, "तू ओ दिली न्हाईस ना?"

"न्हाय."

"बरं केलंस. पहिल्या हाकेला देऊ नये." मग शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "तार नीट जोड. शेजारचं स्टेशन ओढत असंल."

तोडलेल्या तारेनं स्टेशन कसं ओढलं जाईल, हे त्यांनी सांगितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक सोलापूरहून आले. वयस्कर, घाईतले. बलभीमनं जुने भाग बदलले होते, प्रत्येक सांधा तपासला होता, नवे सेल घातले होते. रेडिओ मात्र मुकाच होता. शेवटची दहा मिनिटं राहिली. त्याच्या कपाळावरचा घाम पेटीतल्या भुकटीवर पडला आणि तिथं चिखलाचे बारीक ठिपके उमटले.

त्यानं स्पीकर सोडवून हातात घेतला.

"दगडोबाऽऽ..."

धोंडप्पा सरांनी भिंतीला हात टेकला.

बलभीमच्या ओठांवर काहीतरी आलं. का आलं ते त्याला कळेना, नाव तर त्याचं नव्हतं. त्यानं दात आवळून ते आत ठेवलं.

मग पेटीतून दुसरा आवाज आला. लहान पोरीचा. दमलेला.

"ओऽ..."

"मुलांचा कार्यक्रम लागला वाटतं," परीक्षक कागदावरून मान वर न करता म्हणाले.

बलभीमनं तार जोडली. परभणी केंद्र खणखणीत लागलं. ज्वारीवरच्या किडीची माहिती चालली होती. परीक्षकांनी बरोबरची खूण केली आणि ते पुढच्या टेबलाकडे सरकले.

दुसऱ्या दिवशी रेडिओ सोसायटीत परत द्यायचा होता. बलभीमनं तो घरी आणून कोनाड्यात ठेवला होता. सेल काढून खिशात ठेवायची त्याला सवय होती, तसे ते काढले होते. दुपारी जेवता जेवता त्यानं आईला परीक्षेचं सांगितलं. पास होणार म्हटल्यावर तिनं दोन्ही हातांनी त्याची दृष्ट काढली, कानशिलावर बोटं मोडली. मग त्यानं हाकेचं सांगितलं.

तिची बोटं तिथंच राहिली.

"ओ तू दिलीस?"

"न्हाय. पोरीचा आवाज हुता."

धुरपदाबाई भिंतीला टेकून खाली बसली. आपल्या तळहातांच्या घट्ट्यांवरून तिनं अंगठा फिरवला. मग तिच्या तोंडून, बोलावं तशी, सूर न लावता एक ओवी आली. तिला ओवी येते हेच बलभीमला ठाऊक नव्हतं.

"दगडाला न्हाई डोळा, दगडाला न्हाई कान,
हाकेला काय जाणी, बाळ माझा गं सान..."

"कुणाची ही?"

"तुझी. तुझ्यासाठी म्हणायची म्या. तुझ्या आधीची दोन गेली, राहिली ती एकटी अयोध्या. म्हणून तुझं नाव तसलं ठिवलं. घरात समदी बाळच म्हणायची, तुला काय याद ऱ्हाणार."

अयोध्या त्याची थोरली बहीण. दुष्काळात तापानं गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"तळ्याच्या कामावर त्या दिशी तू तिच्या कडंवर हुतास. खाली खड्ड्याकडनं हाक आली. आमी साऱ्या बाया वर, खाली चिटपाखरू न्हवतं. म्या हातानं खूण केली, गप ऱ्हा म्हणून. पर तिनं तुझं तोंड दाबलं आन् आपणच ओ दिली. नऊ वर्सांची पोर. तिला वाटलं, हाक मारणारी बया तेवढ्यावर परत जाईल. सांजच्याला तापली. तिसऱ्या दिशी गेली. मग म्या तुला मारुतीच्या पायावर घातलं आन् बलभीम केलं. ते नाव पुन्हा तोंडातनं काढलं न्हाय. दगडाला कान न्हाईत, पर तिला हुते रं."

बाहेर ऊन पडलं होतं. रस्त्यानं कुणीच जात नव्हतं.

कोनाड्यात टकटक सुरू झाली.

बलभीमनं खिशात हात घातला. सेल खिशातच होते. रेडिओच्या पेटीवर पांढरी भुकटी बसत चालली होती.

टकटक थांबली.

"दगडोबाऽऽ..."

धुरपदाबाई उठली. त्याचं तोंड दाबायला तिनं हात पुढं केला.

पेटीत एका लहान पोरीनं श्वास घेतला. ओझं पुन्हा डोक्यावर घेण्याआधी घेतात, तसा.

आईचा हात पोचण्याआधी, त्या पोरीच्या आधी, बलभीम म्हणाला,

"ओ."