‘पाचवी गोणी’चे चाळीस सेकंद

चित्रातल्या बाजारावर एकाएकी पांढरे पट्टे आले आणि चुडामणभाऊंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

साल १९९२. जळगावातली त्यांची व्हिडिओ लायब्ररी सगळ्या खानदेशात ओळखली जायची ती एका कॅसेटमुळे. ‘पाचवी गोणी’ हा भडगावच्या बाजारात काढलेला खुनाचा सिनेमा थिएटरात जेमतेम चार दिवस टिकला होता. पण १९८५ साली त्याची कॅसेट निघाली आणि पोरं त्यातली वाक्यं पाठ म्हणू लागली. मग ती कंपनी बुडाली. तीन वर्षांनी दुसऱ्या कंपनीनं कॅसेट काढली ती स्वस्तातल्या लहान फितीवर, शेवट कापून. खुनी कोण, हेच कळेना! पानटपरीवर त्यावरून भांडणं व्हायची.

आता मुंबईची तिसरी कंपनी पूर्ण सिनेमा आणणार होती. मूळ प्रिंट जळालेली. पहिली, पूर्ण कॅसेट उरली होती ती फक्त चुडामणभाऊंच्या घरच्या कपाटात. ती ते कुणाला भाड्यानं देत नसत.

आणि नेमकी खुन्याकडे बोट दाखवतात तिथंच ती चाळीस सेकंद खराब झाली होती.

“घरच्या व्हीसीआर मशीनजवळ कोण जातं?” भाऊंनी विचारलं.

“रविवारी मशीनच्या साफसफाईला हिलाल येतो,” कुंदाअक्का म्हणाल्या. “मी दोनदा बघितलं, कॅसेट मशीनमध्येच होती. याच जागी थांबलेली, शेवटाला बोटभर फीत उरलेली.”

कुंदाअक्का टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन लायब्ररीचा गल्ला सांभाळत. त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्या एका वाक्यावर हिलाल मेकॅनिकचं काम सुटलं. धुळ्याच्या एका दुकानदाराला त्यानं शेवट विकला आणि इथला पुसला, अशी वदंता उठली. महिन्याभरात जळगावात त्याला कुणी टीव्हीला हात लावू देईना.

अक्का मनाशी पुन्हा पुन्हा हिशेब करत होत्या. थांबलेली कॅसेट बघितली, हिलालला नाही. आपण रविवारी तिथं होतो का? नव्हतो. मग?

एका दुपारी त्यांनी भाऊंच्या घरी कॅसेट पुन्हा लावली. डोळे मिटले. तीस वर्षं त्यांनी कानांनीच तर नोकरी केली होती. पट्ट्यांमागे आवाज स्वच्छ होता. “हा बघा खुनी!” लोकांची कुजबुज. मागे कुणीतरी बाजाराच्या रीतीनं, ‘एक’च्या जागी ‘लाभ’ म्हणत कांदा मोजत होतं, “लाभऽऽ, दोन, तीन...”

अक्कांनी मशीन बंद केलं तेव्हा भाऊंची बायको रुक्माबाई दारात आली.

“तू बघितलाय का गं हा सिनेमा?” अक्कांनी विचारलं.

“मी? मला नाही बघवत खूनखराबा. एकदाही नाही.” मग हळूच, “तराजूच्या अलीकडं तरी काही दिसतं का हो, अक्का?”

“नाही गं. सगळे पट्टेच.”

दुसऱ्या दिवशी अक्कांनी धुळ्याची एसटी धरली. हिलाल मेहुण्याच्या दुकानात रेडिओ उघडून बसला होता. आता काय न्यायला आलात, असं त्यानं वर न पाहताच अहिराणीत विचारलं.

“आते काय लेवाले उनात, अक्का? मनी अब्रू तं तठेच राहिनी.”

“एकच विचारते. पुसलेल्या फितीवर आवाज राहतो का?”

हिलालचा हात थांबला. “नही. पुसं तं बठ्ठं पुसाई जास.”

“मग चित्र गेलं नि आवाज राहिला, असं कशानं होईल?”

“चित्र एकाच जागे थांबाडी ठेवं तं. मशीनमधलं चित्र वाचनारं हेड फिरतंच र्‍हास, फीत घसाई जास. आवाज कडेला र्‍हास, तो वाचस. पण एकदा थांबाडीसन नही व्हत अक्का. शेकडो डाव थांबाडं पाहिजे.”

अक्का त्याला घेऊनच परतल्या.

चुडामणभाऊ आणि रुक्माबाई समोर बसले. अक्कांनी आधी हिलालकडे पाहिलं.

“पहिला गुन्हा माझा. न बघता बोलले. आता बघितलेलं सांगते. ही फीत पुसली असती तर आवाजही गेला असता. ती झिजलीय. कुणीतरी वर्षानुवर्षं या चाळीस सेकंदांतच चित्र थांबवून बघत बसलंय. हिलाल आठवड्यातून अर्धा तास येतो, त्याच्यानं ते होणं नाही. भाऊ दिवसभर दुकानात. घरात दुपारी एकच माणूस.”

“रुक्मा?” भाऊ हसलेच. “अहो, तिनं तो सिनेमा बघितलेलाही नाही.”

“मग तिथं तराजू आहे हे तिला कसं ठाऊक? पट्ट्यांत मला तो दिसला नाही.”

रुक्माबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

“तो तराजू धरणारा माझा भाऊ आहे. झुलाल,” ती म्हणाली. “माझ्या पाटल्या हरवल्या तेव्हा मी त्याचं नाव घेतलं. बापानं मारून हाकलला. दोन महिन्यांनी पाटल्या ज्वारीच्या कणगीत सापडल्या. मीच लपवून विसरले होते. पण मी कुणाला सांगितलं नाही. तोवर माझं लग्न ठरलं होतं. यांनी त्याला कधी बघितलाच नाही. सिनेमात तो दिसला तेव्हा मी भडगावला माणूस पाठवला, तर तो तिथूनही गेलेला.”

“आणि हिलालचं नाव आलं तेव्हा?” अक्कांनी विचारलं.

“तेव्हाही गप्प बसले. दुसऱ्यांदा.”

हिलाल उठला. सगळ्यांना वाटलं, निघाला. त्यानं मशीनचं झाकण काढलं आणि फुंकर मारून धूळ उडवली.

“वहिनी, एवढं येळा दखं तुमी. मंग खुनी कोन शे?”

“तिकडं मी बघितलंच नाही रे.”

अक्कांना एकदम काही सुचलं. “रुक्मा, थांबवलेल्या चित्राला आवाज नसतो. तू कधी ऐकलंस का हे?”

“आवाज बंदच ठेवायचे. शेजारी कळलं असतं.”

अक्कांनी बटण फिरवून आवाज मोठा केला. पडद्यावर पांढरे पट्टे वाहू लागले. बाजार गजबजला, “हा बघा खुनी!” असं कुणीतरी ओरडलं, आणि मागून तराजू धरणाऱ्याचा जवान, मोकळा आवाज आला.

“लाभऽऽ...”

रुक्माबाईनं दोन्ही हात पडद्याला लावले आणि ती त्याच्याबरोबर मोजू लागली.