ओले खांदे, कोरडी पाठ

साइराकानने पिशवी टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "सालकिन-एजे, माझ्या शिवणकामापायी एक पोरगा मरणाच्या दारात गेला, असं अख्खं काराकोल शहर म्हणतंय. खरंच तसं असेल तर मी आजच दुकानाला कुलूप घालते. नसेल, तर बारा वाजायच्या आत मला सांगा."

सालकिन तोरोबायेवा पोलिसातून बाहेर पडून खासगी तपास करू लागली त्याला सहा वर्षं झाली होती. कचेरीतली दुसरी खुर्ची तोकोन-आकेची. तिकडे ताईला एजे म्हणतात आणि दादाला आके. तो निवृत्त ट्रकचालक, तिचा शेजारी, आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या पाच मिनिटांत चुकीचा माणूस पकडणारा. आत्ता तो आशल्यान-फूचा थंड आंबट रस्सा वाडग्यातून ओरपत होता.

"बारा वाजता काय आहे?" सालकिनने विचारलं.

"वाटाड्यांच्या संघाची सभा. त्यांना साठ पावसाळी जॅकेटं घ्यायचीत. वजनाला हलकी, आतून कोरडी. बिश्केकच्या एलामान व्यापाऱ्याचं परदेशी जॅकेट तीनशे दहा ग्रॅम, माझं दोनशे तीस. दोन वाटाडे एकेक जॅकेट घालून आला-कोलच्या खिंडीत गेले. दोन दिवस पाऊस. एलामानचं घातलेला सुका परतला. माझं घातलेला एर्निस चिंब भिजला, वाऱ्यात गारठून बेशुद्ध पडला. घोड्यावर आडवा टाकून आणला त्याला." तिने पिशवी पुढे सरकवली. "माझ्याकडे नऊ बायका कामाला आहेत, एजे. पण ते नंतर. मला आधी त्या पोराचं कळू दे."

पिशवीच्या तोंडावर संघाची कागदी मोहोर होती. खिंडीखालच्या झोपडीत सोबत्यांनी एर्निसच्या अंगावरून जॅकेट उतरवून घाईत कोंबलं होतं, आणि संघाची चिटणीस नाझिक हिने पिशवी न उघडता तशीच बंद केली होती.

सालकिनने मोहोर फोडली. बाहेरून कापड धडधाकट होतं. शिवणी सरळ. मग तिने जॅकेट उलटं केलं. खांद्यांच्या आत आणि टोपीत पाणी अडवणारा पांढरा लेप चिकट झाला होता. नखाने खरवडला की साय निघावी तसा निघत होता. पाठीवरचा लेप मात्र गुळगुळीत. तिने वास घेतला. पावसाने धुतलेला, तरी किंचित उग्र.

"कापडच नासकं!" तोकोन-आके म्हणाला.

"खांदे, टोपी, पाठ, सगळं एकाच ताग्यातलं आहे," साइराकान म्हणाली.

"मग पाठ का नाही नासली, आके?" सालकिनने विचारलं.

तोकोन-आके पुन्हा वाडग्याकडे वळला.

*

एर्निस दोन रजयांत गुंडाळून घरी पडला होता. ओठ अजून फुटलेले.

"आधी काय भिजलं?" सालकिनने विचारलं.

"खांदे. मग मान, छाती. पाठ मात्र कोरडी होती, एजे. गंमत वाटली मला."

"पाठीवर बोजा होता ना?" तोकोन-आके मध्येच म्हणाला. "म्हणून कोरडी."

"आके, बोज्याच्या पट्ट्यांवरून तर पाणी पाठीवरही उतरतं," एर्निस म्हणाला.

"गोचिडांसाठी फवारा मारला होतास?" सालकिनने विचारलं.

"मोज्यांवर आणि पायजम्यावर. जॅकेटच्या आत कशाला? गोचीड काय खांद्यावर बसून येते?" तो हसला आणि खोकला. "त्या फवाऱ्याचं फार जपावं लागतं. आधी होकायंत्र काढून पिशवीत टाकतो मी. नाहीतर त्याचं प्लॅस्टिक दुधी होतं."

*

नाझिक संघाच्या कोठारात तराजू पुसत होती. तिची लाल नखं चकाकत होती.

"भाचीच्या लग्नात रंग लावला रविवारी," सालकिनची नजर पाहून ती म्हणाली. "एक टवका उडाला नाही."

"जॅकेटं कधी तोललीस?"

"सोमवारी संध्याकाळी. मंगळवारी सकाळी पोरांना दिली."

"मध्ये कोणी आलं?"

"एलामान आला होता, वजनं बघायला. पाहुण्यांची गाडी आली म्हणून मी दहा मिनिटं बाहेर गेले. तो इथेच बसला होता."

कोपऱ्यात गोचिडांच्या फवाऱ्याच्या बाटल्यांचं खोकं उघडं पडलं होतं.

"या बाटल्या तू वाटतेस?"

"मी हातही लावत नाही! नखांचा रंग विरघळतो. पोरं आपापली घेतात."

बाहेर येताच तोकोन-आके कुजबुजला, "किल्ली हिच्याकडे असते. हिनेच केलंय."

"या महिन्यात हा तुमचा चौथा गुन्हेगार, आके."

*

एलामान अतिथीगृहाच्या अंगणात पिठाचे तळलेले बोरसोक खात बसला होता. त्याने अदबीने चहा ओतला.

"मी दुसऱ्याच्या मालाला हात लावत नाही. तिचं जॅकेट लांबूनच पाहिलं. पण घरगुती काम ते घरगुतीच हो. दोन दिवस पाऊस लागला की खांद्यावरचा लेप आतून चिकट होऊन सुटणारच. वाईट वाटतं बिचारीचं."

"मलाही. किती वाजले हो?"

त्याने मनगटावर नजर टाकली, थबकला, आणि मान वळवून भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. "सव्वाअकरा."

"आभारी आहे," सालकिन म्हणाली. चहा तिने पूर्ण प्यायला.

*

सभागृह भरलं होतं. घरचे नको म्हणत असताना एर्निसही रजई पांघरून आला होता. नाझिक मतदान पुकारणार तोच सालकिन पुढे आली. तिने जॅकेट उलटं करून टेबलावर पसरलं.

"कच्चं काम असतं तर लेप सगळीकडे सुटला असता, कारण कापड एकाच ताग्यातलं. तो सुटला फक्त खांद्यांवर आणि टोपीत. पावसात पाणी आधी तिथेच साचतं, हे ज्याला कळतं त्याने तिथे आतून काहीतरी चोळलं. गोचिडांचा फवारा. तो प्लॅस्टिक विरघळवतो, हे एर्निसला ठाऊक आहे. बाहेरचं कापड त्याला दाद देत नाही, आतला लेप देतो."

तिने साइराकानच्या दुकानातून आणलेल्या तुकड्यावर तासाभरापूर्वी फवारा मारला होता. नखाने लेप सोलून दाखवला.

"बाटल्या सगळ्यांनाच मिळतात," मागून कोणीतरी ओरडलं.

"बरोबर. म्हणून हात बघितले. नाझिकने चोळलं असतं तर रविवारचा रंग नखांवर राहिला नसता. एर्निसने स्वतःच्याच खांद्यावर मरण चोळलं नसतं. राहिला सोमवारी दहा मिनिटं कोठारात एकटा बसलेला माणूस. त्याने मला सांगितलं, लेप आतून, खांद्यावर, चिकट होऊन सुटतो. एलामान, पिशवी मोहोरबंद होती. आज सकाळी ती मी फोडली, तेव्हा आम्ही तिघंच होतो. तुम्हाला कोणी सांगितलं?"

एलामान उठला. "अंदाज होता माझा."

"मग घड्याळ दाखवा सगळ्यांना."

त्याचा डावा हात खिशात गेला. शेजारच्या दोन वाटाड्यांनी तो अलगद बाहेर काढला. घड्याळाची प्लॅस्टिकची काच दुधी झाली होती, आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा रुतला होता.

"म्हणून तुम्ही भिंतीकडे पाहिलंत," सालकिन म्हणाली.

एलामान मटकन खाली बसला. "मला वाटलं, थोडा भिजेल आणि परत फिरेल. शपथेवर सांगतो."

"खिंडीत परत कुठे फिरणार?" एर्निस शांतपणे म्हणाला. नाझिकने दारातल्या दोघांना पोलिसांना बोलवायला पाठवलं.

"आता खरं परीक्षण," सालकिन म्हणाली. तिने जॅकेटची पाठ चार वाटाड्यांच्या हातांत झोळीसारखी धरायला दिली, तोकोन-आकेला त्या झोळीखाली वाकून उभं केलं आणि थंड पाण्याची अख्खी किटली झोळीत ओतली.

"अगं, मी का?" तोकोन-आके ओरडला.

पाणी झोळीत डुचमळत राहिलं. मिनिट झालं. पाच झाली. तोकोन-आकेने टक्कल चाचपलं. "कोरडं! खडखडीत कोरडं!"

सभागृह हसण्याने आणि टाळ्यांनी दणाणून गेलं. नाझिकने मत पुकारलं, तसा पहिला हात रजईतून वर आला. मग एकामागून एक सगळेच.

साइराकान रडत होती आणि गळ्यातली मोजपट्टी सोडवतही होती. "ओळीने या. आणि पोट आत ओढू नका कोणी, डोंगरात श्वास घ्यावा लागतो."

साठ धिप्पाड माणसं शाळकरी मुलांसारखी रांगेत उभी राहिली. सर्वांत शेवटी तोकोन-आके.

"तुम्ही कुठला डोंगर चढणार?" सालकिनने विचारलं.

"चढायचं ते बघू," तो हात पसरून म्हणाला. "पण दोनशे तीस ग्रॅमचंच हवं. वय झालंय, जड काही झेपत नाही."